काट्यावरून उतरा

आबांचा कुठल्याही गोष्टीवर एका खेपेत विश्वास बसत नसे. बारामतीच्या मंडईत टोमॅटो घेतले की ते दुसऱ्या गाळ्यावर नेऊन पुन्हा तोलून घ्यायचे. रस्त्यात कुणाला वेळ विचारली की चार पावलं पुढं जाऊन दुसऱ्याला विचारायचे, आणि दोन घड्याळांत फरक निघाला तर त्या दोघा अनोळखी माणसांना समोरासमोर उभं करून म्हणायचे, "आता तुमीच ठरवा बाबांनो." ताप आला तर एका डॉक्टरकडं थर्मामीटर लावून झाला की तडक दुसऱ्याकडं. दुसरा विचारायचा, "पहिल्यांनी किती सांगितला?" आबा म्हणायचे, "ते सांगितलं तर तुमीबी तेवढाच सांगणार. मोजा."

या सगळ्याला त्यांच्याकडं एकच शब्द होता. फेरवजन.

हा शब्द त्यांच्या भुईकाट्यावरचा. तरुणपणी इंदापूर रस्त्याला त्यांचा स्वतःचा काटा होता. उसाचे ट्रॅक्टर, कांद्याचे ट्रक, सगळं त्या लोखंडी पत्र्यावर चढायचं आणि आत टपरीत वजन दिसायचं. भरलेली गाडी तोलताना ड्रायव्हरची दोन माणसं हळूच पत्र्यावर उभी राहायची, तेवढंच वजन वाढतं म्हणून. आबा टपरीच्या दारातून ओरडायचे, "आधी काट्यावरनं उतरा!" काटा पुढं बंद पडला, पण वाक्य राहिलं. भांडणाऱ्या दोन भावांना, सोयरिकीत मध्ये बोलणाऱ्या मामाला, पगारवाढ मागणाऱ्या माणसाला, सगळ्यांना तेच. "तुझं सोताचं वजन हाय त्यात. आधी काट्यावरनं उतर, मग बोल."

मी त्यांच्याकडं नोकरी मागायला गेले ती नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. मी बी.एस्सी. झाले होते, वर कंप्युटरचा कोर्स केला होता. अंथुर्ण्याच्या आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. हे मी खाली मान घालून सांगत नाही, तेव्हाही सांगितलं नव्हतं.

आबांनी माझं पदवीचं प्रमाणपत्र हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि शांतपणे मसाला तोलायच्या तराजूत ठेवलं. काटा हललाच नाही.

"ह्याला तर वजनच न्हाय."

मी म्हणाले, "आबा, तराजू मसाल्याचा आहे. हा कागद आमच्या घरात यायला तीन पिढ्या लागल्यात. त्याला दुसरा काटा लागतो."

त्यांच्या सूनबाई, ज्यांना आम्ही सगळे वहिनी म्हणायचो, तोंडाला पदर लावून हसल्या. आबा हसले नाहीत. "उद्या परत ये," म्हणाले. दुसऱ्या दिवशी तेच प्रश्न, त्याच क्रमानं. मी तीच उत्तरं दिली, फक्त जरा रागानं.

"वजन तेच भरलं," आबा म्हणाले. "आजपास्नं तुझं नाव बीएस्सी."

धंदा चटण्या-मसाल्यांचा. बारामतीत एमआयडीसीच्या कडेला पत्र्याची शेड होती. मागं भट्टी आणि वहिनींच्या हाताखालच्या बाया, पुढं एक खोली, खोलीत एक कंप्युटर आणि मी. आबांचा भाचा अमेरिकेत होता. तिकडच्या मराठी लोकांना शेंगाची चटणी आणि काळा मसाला मिळत नाही म्हणून त्यानं आमच्या दुकानाची वेबसाइट काढली होती. तिकडचं माणूस वेबसाइटवर आपल्या कार्डाचा नंबर टाकायचं, मधली एक अमेरिकन कंपनी ते कार्ड तपासून पैसे मंजूर की नामंजूर ते ठरवायची आणि मग आम्हाला तशी ईमेल यायची. ती ईमेल बघायला पुण्याला फोन जोडावा लागे. मोडेम खरखरत राहायचा आणि आबा कानावर हात ठेवून बसायचे.

मधल्या कंपनीचं काम मी त्यांना समजावून सांगितलं तेव्हा ते लगेच म्हणाले, "म्हंजी आडत्या. माल हिकडं, गिऱ्हाईक तिकडं, मधी आडत्या. मार्केट यार्डात काय येगळं असतंय?"

त्यानंतर त्या कंपनीचं नाव आमच्याकडं कधी कुणी घेतलंच नाही. आडत्या म्हटलं की झालं.

आबांची शेती आणि जुनं घर इंदापूरला. आठवड्यातले काही दिवस तिकडं, काही दिवस इकडं, आणि कधी कुठं असतील याचा नेम नसे. इकडं असले की सकाळी माझी एसटी येण्याआधी शेडवर हजर. अंघोळ झालेली, डोक्यावर टोपी, कंप्युटरसमोर उदबत्ती. मॉनिटरला हळदी-कुंकवाचं बोट. पडद्यावर नको, कडेला लावा, एवढं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं होतं. मग भवानी.

भवानी झाल्याशिवाय, म्हणजे दिवसाची पहिली विक्री झाल्याशिवाय, दुकान उघडलं असं आबा मानत नसत. आणि पहिलं गिऱ्हाईक घरचंच असावं, म्हणजे दुकानाला नजर लागत नाही, हे त्यांचं पक्कं. कंप्युटरमधलं ते एवढंच शिकले होते. भट्टीवरच्या बायांना बोलवायचे, सगळ्यांना मागं उभं करायचे आणि एका बोटानं भाच्याच्या कार्डाचा नंबर दाबत आमच्याच वेबसाइटवरून शेंगाच्या चटणीची एक बरणी घ्यायचे. भाच्यानं त्यांना तेवढी मुभा दिली होती. शेवटचं बटण दाबून झालं की हात जोडून ओरडायचे, "भवानी झाली!" ती बरणी आधी देवाच्या फळीवर आणि दुपारी आम्हा सगळ्यांच्या भाकरीवर.

पॅकिंग बघणारे आणि जीपनं पुण्याला पार्सलं पोचवणारे शमशूभाई म्हणायचे, "आबा, पैसं अमेरिकेतनंच आलं, चटणी मातुर बारामतीच्या भायेर गेली न्हाय. धंदा भारी हाय तुमचा."

"शमशू, काट्यावरनं उतर. बरणी उचलायचं तुला जड झालंय."

सुरुवातीचे महिने बरे गेले. मग विक्री झोके खायला लागली. दोन-तीन दिवस ऑर्डरींचा असा लोंढा यायचा की शमशूभाईंना जेवायला सवड मिळू नये. मग एकदम शुकशुकाट. गिऱ्हाइकं भाच्याला फोन करून सांगायची, आमचं कार्ड दुसरीकडं चालतं, तुमच्याकडं घेत नाही. भट्टीवर कधी माल पुरायचा नाही, कधी भाजलेल्या शेंगा तशाच पडून राहायच्या. वहिनी मला विचारायच्या, "उद्या किती भाजू गं?" मला सांगता येत नसे, आणि सांगता येत नाही याची मला लाज वाटे. कंप्युटर माझा होता ना.

एके दिवशी भाच्याचा फोन आला. आबा फोनवर नेहमी ओरडून बोलायचे. त्या दिवशी बोललेच नाहीत, नुसते ऐकत राहिले. फोन ठेवल्यावर त्यांनी वहिनींना, शमशूभाईंना आणि भट्टीवरच्या बायांना पुढच्या खोलीत बोलावलं.

"अमेरिकेच्या आडत्यानं कळीवलंय. आपल्या दुकानात आतलंच कुणीतरी कारडांची लबाडी करतंय, आसा त्येला संशय हाय. म्हणून तो मदीच दुकान बंद ठिवतो. असंच चाललं तर कायमचं टाळं."

वहिनी हाताचं तिखट पदराला पुसत राहिल्या.

"मी बसून इचार केला," आबा म्हणाले. "मी हितं असलो की गिऱ्हाईक मरतंय. मी इंदापूरला गेलो की जितं व्हतंय. म्हंजी लबाडी माझ्या माघारी हुती, आन् टाळं मी आल्यावर पडतंय. माझ्या माघारी ह्या मशिनीपाशी कोण असतं?"

सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. ते मी अजून विसरलेले नाही. माणसं वाईट नव्हती, पण माना वळल्या.

"आबा, तुम्ही माझ्यावर आळ घेताय."

"इचारतोय."

"विचारायचं असतं तर एकटीला विचारलं असतं."

 शमशूभाई म्हणाले, "आबा, पोरगी तशी न्हाय." आबा त्यांच्याकडं न बघता म्हणाले, "तशी हाय का न्हाय, ते वजनाला लावल्याबिगर कुणालाच म्हाईत नसतं."

त्या बायांमधली एक आमच्या शेजारच्या गावची होती. माझ्याआधी बातमी अंथुर्ण्यात पोचली. आई चुलीपुढं बसून हलक्या आवाजात विचारायला लागली, "कारडं म्हंजी काय असतं गं? चोरता येत्यात का ती?" वडील उठून बाहेर गेले. पण मला बाहेरून कळलं. गल्लीत कुणीतरी त्यांना गाठून म्हटलं होतं, "थोरलीला शिकवून बगितलंस. धाकटीला तरी आता घरी बसव." धाकट्या बहिणीनं नुकतंच बारामतीत अकरावी सायन्सला नाव घातलं होतं. ती माझ्याबरोबर एसटीनं यायची. दुसऱ्या दिवशी सकाळी वडील तिला म्हणाले, "आजच्या दिस ऱ्हाऊ दे." आजच्या दिवस म्हणजे किती दिवस, हे आमच्याकडं कुणी सांगत नसतं.

मी एकटीच एसटीत बसले. नोकरी गेली असती तर दुसरी शोधली असती. पण माझ्या नावावर डाग पडला तर तो तिच्या दप्तरावर पडणार होता.

शेडवर गेले तेव्हा आबा अजून उदबत्ती लावत होते.

"आबा, फेरवजन करा. माझं."

त्यांनी काडी विझवली. "कसं करायचं?"

"तुम्ही काट्यावर करायचा तसं. एकच गाडी दोन काट्यांवर. भाच्यांना सांगा, मुंबईचा एक आडत्या थोड्या दिवसांसाठी वेबसाइटला जोडून द्या. त्यांच्या ओळखीची माणसं एकाच वेळी एकेक बरणी घेतील, निम्मी अमेरिकेच्या आडत्याकडून, निम्मी मुंबईच्या. बघू कोण घेतो, कोण नाकारतो. आणि मी कंप्युटरला हात लावणार नाही. ईमेल वहिनी उघडतील. मी काट्यावरून उतरते."

आबांनी माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. आपलंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची त्यांना सवय नव्हती.

"ठीक हाय. पर ज्याच्याकडं खोट निघंल त्यानं चप्पल घालायची आन् उंबऱ्याभायेर व्हायचं. परत आत पाऊल टाकायचं न्हाय."

"कबूल. पण नियम सगळ्यांना."

"सगळ्यांना. शमशूला, सुनंला, मला."

"परत एकदा म्हणा."

"सगळ्यांना," आबा म्हणाले. "शमशूला, सुनंला, मला."

सगळं जुळवायला आठवडा गेला. त्या आठवड्यात बहीण घरीच होती.

चाचणीच्या सकाळी वहिनी खुर्चीवर बसल्या. मी भिंतीशी स्टुलावर, हात मांडीवर, सगळ्यांना दिसतील असे. आबांनी रोजच्यासारखी भवानी केली, बरणी फळीवर ठेवली आणि भाच्याला फोन लावून सांगितलं, "सोड आता गाड्या." मग वाट पाहणं. मोडेम जोडायचा, तुटायचा. वहिनींना मी शिकवलं होतं, तरी त्या प्रत्येक बटणापाशी थांबायच्या. "हे दाबू का गं?" त्या विचारायच्या आणि मला नुसती मान हलवायचीही चोरी. आबा माझ्या मानेकडं बघत बसलेले.

ईमेल आल्या. वहिनींनी एकेक शब्द लावत वाचल्या. मुंबईच्या आडत्याकडच्या सगळ्या ऑर्डरी मंजूर. अमेरिकेच्या आडत्याकडच्या सगळ्या नामंजूर.

शमशूभाईंनी टाळी वाजवली. "सुटली! पोरगी सुटली आबा! लबाड तो अमेरिकेवाला!"

मी उठले. इथंच थांबले असते तर माझं काम झालं होतं. मी सुटले होते, अमेरिकेचा आडत्या चोर ठरला होता आणि बारामतीत त्याची बाजू घ्यायला कोणी येणार नव्हतं.

पण आबा म्हणाले, "बस खाली. एका फेऱ्यात काट्याला चोर म्हणायचं न्हाय. अमेरिकेचा आडत्याबी कुणाचं तरी पोरगंच आसंल." मग ते वहिनींकडं वळले. "दोन-चार दिस जाऊ द्या. त्येचं टाळं उघडलं की उलटं वजन. जे जे अमेरिकेवर केलं ते ते मुंबईवर करायचं."

"सगळं?" मी विचारलं.

"सगळं म्हंजी सगळं."

"भवानीसुद्धा?"

"भवानीबी मुंबईवर. काटा बदलला की पहिली गाडीबी बदलती, एवढं कळत न्हाय व्हय बीएस्सीला?"

वहिनींनी माझ्याकडं पाहिलं. मी कंप्युटरसमोरच्या उदबत्तीच्या राखेकडं पाहत होते. आम्हा दोघींच्या मनात एकच गोष्ट आली होती आणि दोघींनाही ती खोटी ठरली तर बरं, असं वाटत होतं. मला जास्तच. मी आता मोकळी होते, आणि जे दिसत होतं ते खरं निघालं तर ते आबांना तोंडावर सांगायचं काम माझ्यावरच येणार होतं.

आबा इंदापूरला जाऊन आले. ते नव्हते तेवढ्यात अमेरिकेच्या आडत्याकडून ऑर्डरींचा लोंढा आला होता, नेहमीसारखा. दुसऱ्या चाचणीच्या सकाळी त्यांनी उदबत्ती लावली, मुंबईच्या आडत्याकडून बरणी घेतली, "भवानी झाली!" म्हणून हात जोडले आणि भाच्याला फोन लावला. भट्टीवरच्या बाया कामाला परत गेल्याच नाहीत, दारातच उभ्या राहिल्या.

अमेरिकेच्या सगळ्या ऑर्डरी मंजूर झाल्या. मुंबईच्या एकूण एक नामंजूर.

आबांनी वहिनींना पुन्हा वाचायला लावलं. त्यांनी पुन्हा वाचलं. वजन तेच भरलं.

"म्हंजी दोन्ही काटे बराबर हायेत," आबा हळूहळू म्हणाले. "गाडी तीच. बीएस्सीनं हात लावला न्हाय. मग हिकडनं तिकडं आपुन हलीवलं काय?"

 शमशूभाई सुतळीची गुंडाळी उलगडत बसले.

"बोला की! तोंडात शेंगा भरल्यात काय?"

"भवानी," मी म्हणाले.

"काय?"

"आबा, भवानी हलवली. पहिल्या वेळी ती अमेरिकेवर होती, अमेरिकेनं टाळं लावलं. आज मुंबईवर होती, मुंबईनं लावलं. दुकानाच्याच कंप्युटरवरून, एकाच कार्डानं, दुकानदारच आपला माल पुन्हा पुन्हा विकत घेतोय असं दिसलं की आडत्याला वाटतं, हा खोटी विक्री दाखवतोय. मग तो दुकान अडवून ठेवतो. तुम्ही इंदापूरला असता तेव्हा भवानी होत नाही, म्हणून धंदा चालतो."

मी हे सगळं एका दमात बोलले, कारण मध्ये थांबले असते तर पुढं बोलता आलं नसतं. आबांचं तोंड लाल झालं. मला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली आणि मॉनिटरच्या कडेचं कुंकू बघत राहिले. मागं भट्टीवर शेंगा करपल्याचा वास आला, पण एकही बाई हलली नाही.

"वजन चाललं हुतं," आबा शेवटी म्हणाले, "आन् काट्यावर मीच हुबा हुतो."

मग ते उठले. "बायांनो, ऐका. या पोरीवर मी आळ घेतला हुता, तुमच्यासमोर. तुमच्यासमोर परत घेतो. खोट माझी हाय." त्यांनी टोपी घातली आणि दाराकडं चालू लागले.

वहिनी धावल्या. "मामंजी, आवं असं काय करताय? दुकान तुमचं हाय!"

"सूनबाई, मी म्हणलं हुतं. दोनदा म्हणलं हुतं."

उंबऱ्याबाहेर जाऊन त्यांनी चप्पल घातली. शमशूभाई जीप काढतो म्हणाले. "जीप दुकानाची हाय," म्हणून आबा स्टँडच्या दिशेनं चालत निघाले.

मला वाटलं इंदापूरला गेले. संध्याकाळी घरी पोचले तर आई दारातच उभी. "तुजा मालक आला हुता."

वडिलांनी सगळं सांगितलं. आबा आमच्या दारात आले नव्हते. गल्लीच्या तोंडाला पारापाशी उभे राहून, चार माणसं जमेपर्यंत थांबले आणि मोठ्यानं म्हणाले, "ह्यांच्या लेकीवर मी चोरीचा आळ घेतला हुता. तो खोटा निघाला. लबाडी माझ्या हातनं झाली, तिनं हुडकून काढली."

"मी म्हणलं, घरात चला, चा घ्या," वडील म्हणाले. "तर म्हणले, घेतो, पर आधी आणखी एका जागी सांगायचं हाय. गेले गल्लीच्या त्या टोकाला आन् तितं परत तेच सांगितलं. तेवढ्याच मोठ्यानं. मग आले, चा घेतला आन् गेले. असं दोनदा का सांगितलं गं त्यांनी?"

मला हसू यायला लागलं आणि रडूही. बहीण कोपऱ्यात बसून वह्यांना कव्हरं घालत होती. सकाळच्या एसटीला आम्ही दोघी होतो.

विक्रीचे झोके थांबले. वहिनींनी उद्या किती भाजायचं ते विचारणं सोडून दिलं. आबा मात्र आले नाहीत. भाच्यानं समजावलं, वहिनींनी इंदापूरला जाऊन विनवलं. "मी सांगितलेला नियम मीच मोडला तर पुन्हा कुणाला काट्यावरनं उतर म्हणू?" एवढंच उत्तर.

पंधरवड्यानं एका सकाळी मी खोलीची खिडकी उघडली तर गजांपलीकडं टोपी. अंघोळ झालेली, कपाळाला बुक्का.

"शेंगाची चटणी. एक बरणी," आबा म्हणाले आणि गजांतून नोट आत सरकवली.

"आबा, आत या ना."

"गिऱ्हाईक कधी आत येतंय व्हय? चल, भवानी कर लवकर, माझी एसटी हाय."

त्यानंतर इंदापूरहून आले की असंच. खिडकी उघडायच्या आधी बाहेर उभे. कार्ड नाही, कंप्युटर नाही, रोख. आणि बरणी मी दिली म्हणून कधी घेतली नाही. पहिल्या दिवशीसुद्धा नाही.

"तोलून दे."

"आबा, वजन छापलंय बरणीवर."

"छापलंय म्हणूनच."

मी मसाल्याचा तराजू ओढून खिडकीपाशी आणला, त्यावर बरणी ठेवली आणि त्यांना काटा नीट दिसावा म्हणून पुढं वाकले. आबा गजांना नाक लावून बघत होते. मागं वहिनी आणि सगळ्या बाया भट्टी सोडून आल्या होत्या.

"बीएस्सी," आबा म्हणाले, "हात टेकलाय तुझा. काट्यावरनं उतर."

मी हात काढला.